पेनड्राइव्हमधला एमपीव्ही: दोन गणपती आणि एक पंधरा ऑगस्ट वापरून

आधीच सांगते, मी काही काँप्युटरवाली नाही, बँकेत काउंटरला बसते. पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत "गाणी कोण लावणार" असा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, कारण काय तर फार पूर्वी एकदा मी कुणाचा तरी ब्लूटूथ स्पीकर जोडून दिला होता. तेवढ्या भांडवलावर मी सांस्कृतिक समितीत आहे.

तर हा रिव्ह्यू एका फुकटच्या प्लेअरचा आहे, नाव एमपीव्ही, आणि तो मी पेनड्राइव्हवरून चालवते, कुठल्याही लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल न करता, दहाबारा छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे काँप्युटरला काय करायचं ते सांगणाऱ्या फाइली, करून. २०२४ चा गणपती, २०२५ चं झेंडावंदन आणि २०२५ चा गणपती एवढं सगळं त्याच्यावर झालंय, त्यामुळे आता बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

हे सगळं सुरू झालं ते २६ जानेवारी २०२४ ला. गाणी कुणाच्या तरी मोबाइलवरून लावली होती. राष्ट्रगीत लागलं, ५२ सेकंद सगळे सावधानमध्ये, अगदी वॉचमनसुद्धा, आणि ते संपल्या संपल्या पुढच्या क्षणाला त्या ॲपने स्वतःच्या मनाने पुढचं गाणं सुरू केलं, लग्नाच्या वरातीत वाजतं ना तसलं. पोरं खो खो हसली. आमच्याकडे निवृत्त सुभेदार आजोबा आहेत, ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि ते बघणं मला अजून आठवतं. मोबाइल माझा नव्हता हो, पण सांगणार कुणाला.

तेव्हा डोक्यात पक्कं झालं की मला असा प्लेअर हवा जो सांगितलं तेवढंच करतो आणि गप्प बसतो. दुसरी अडचण लॅपटॉपची. सोसायटीचा स्वतःचा लॅपटॉप नाही, दर वर्षी कुणाचा तरी मागायचा, आणि हल्ली सगळ्यांकडे ऑफिसचेच असतात, त्यावर काही इन्स्टॉल करायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतं. म्हणून पेनड्राइव्ह.

आता एमपीव्हीबद्दल. फार जुना एमप्लेअर म्हणून एक होता, २००० सालापासूनचा, त्याच्या वंशातला हा. ओपन सोर्स आहे, म्हणजे आतलं सगळं लिखाण कुणालाही बघता येतं, पैसे नाहीत, जाहिरात नाही, "प्रो घ्या" म्हणून मागे लागत नाही. आणि दिसायला म्हणाल तर त्याला तोंडच नाही. म्हणजे गाण्यांची यादी, अल्बम, कव्हर फोटो, बटणांची रांग, असलं काही नाहीच. गाणं लावलं तर एक काळी खिडकी येते आणि त्यात मिनिटं सेकंद पळत असतात, संपलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बंदच करून टाकला, म्हटलं हे काय भलतंच. नंतर लक्षात आलं की हेच तर पाहिजे होतं, त्याला तोंड नाही म्हणून ते आपल्याला हवं तसं लावता येतं.

डाउनलोड करताना दोन ठिकाणी फसाल, मी फसले. एक म्हणजे एमपीव्हीच्या साइटवर विंडोजसाठी दुसऱ्यांनी बनवलेल्या बिल्डच्या, म्हणजे चालवायला तयार प्रतींच्या, लिंक दिलेल्या असतात, आणि ते पार्सल सेव्हन झिप प्रकारच्या दाबलेल्या फाइलमध्ये असतं, जुन्या विंडोजला ते आपोआप उघडत नाही, त्यासाठी सेव्हन झिप नावाचा प्रोग्रॅम लागतो. दुसरं महत्त्वाचं. तिथे एक साधी ६४ बिटची बिल्ड असते आणि एक नावात व्ही ३ असलेली. मी म्हटलं ३ म्हणजे नवीन, तीच घ्यावी. घरी मस्त चालली. सोसायटीच्या ऑफिसात एक खटारा लॅपटॉप मिळाला होता, त्यावर डबल क्लिक केलं तर काहीच नाही, एरर पण धड नाही. ती व्ही ३ म्हणजे नवीन प्रोसेसरसाठीची असते, एव्हीएक्स २ नावाची सोय असलेले, इंटेलचे साधारण २०१३ नंतरचे. तेव्हा परक्या लॅपटॉपवर चालवायचं असेल तर निमूटपणे साधी घ्या, गाणी वाजवायला व्ही ३ ने काही फरक पडत नाही. विंडोज १० च्या आधीचं मशिन असेल तर नवीन बिल्डची आशाच सोडा.

पेनड्राइव्हवर टाकल्यावर प्लेअरच्या शेजारी पोर्टेबल अंडरस्कोअर कॉन्फिग नावाचा फोल्डर करायचा, इंग्रजीत अर्थात. तो दिसला की एमपीव्ही सगळी सेटिंग तिथूनच घेतो, लॅपटॉपमध्ये काही शोधत बसत नाही. म्हणजे आवाज किती, कव्हर फोटो दाखवायचा की नाही, सगळं आपल्याबरोबर फिरतं. प्लेअरची फाइल हल्ली शंभर एमबीच्या घरात गेलीये, तेवढी जागा धरा.

आता स्क्रिप्ट. घाबरू नका, माझ्या स्क्रिप्ट म्हणजे बॅच फाइली, आणि बॅच फाइल म्हणजे नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या आणि सेव्ह करताना शेवटी डॉट बॅट द्यायचं, एवढंच. अडचण एकच येते, पेनड्राइव्हला एका लॅपटॉपवर ई हे अक्षर मिळतं, दुसऱ्यावर जी, तिसऱ्यावर अजून काही, त्यामुळे पत्ता काय लिहायचा? त्याला एक जुना मंत्र आहे: टक्का, मग टिल्ड म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खाली ती नागमोडी रेघ असते ती, मग डी, पी आणि शून्य. हे लिहिलं की स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता कळतो, ती स्वतः ज्या फोल्डरात पडलीये तो. त्याच्यापुढे प्लेअरचं नाव, गाण्यांच्या फोल्डरचं नाव, झालं.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्या मंत्रात डी, पी च्या जागी एन लिहिलं की स्क्रिप्टला स्वतःचं नाव कळतं, शेवटचं डॉट बॅट सोडून. मग मी काय केलं, स्क्रिप्ट एकच लिहिली, "माझं जे नाव आहे त्याच नावाच्या फोल्डरातली गाणी लाव". आता तिची कॉपी करून नाव दिलं आरती, तर ती आरती फोल्डर लावते, सनई नाव दिलं तर सनई. नवीन काही हवं असेल तर फोल्डर करा, स्क्रिप्ट कॉपी करा, नाव बदला, आतली अक्षरं बघायचीसुद्धा गरज नाही.

याचा अजून एक फायदा जो मला नंतर कळला. बॅच फाइलच्या आत मराठी लिहिलं की गडबड होते, कोडपेज बदला, यूटीएफ ८ करा (अक्षरं साठवायच्या पद्धती या), पण त्यातही सुरुवातीला बॉम नावाची अदृश्य अक्षरं नको, ती असली तर पहिलीच ओळ कळत नाही म्हणून बोंबलतो, वगैरे वगैरे, दोन संध्याकाळी गेल्या माझ्या त्यात. पण नाव बाहेर आणि आतमध्ये नुसता मंत्र असं केल्यावर मराठी आत येतच नाही, आणि फाइलच्या नावाला विंडोज मराठी व्यवस्थित घेतं. त्यामुळे पेनड्राइव्ह उघडला की समोर नुसतं आरती, सनई, राष्ट्रगीत, नाच असं दिसतं, शेजारी दातेरी चाकाचं चित्र. प्लेअरचा फोल्डर मी लपवून ठेवलाय. आमच्या सेक्रेटरी काकांनी आयुष्यात मोबाइलवर फक्त गुड मॉर्निंगच पाठवलेत, पण त्यांनी पण पहिल्या दिवशी न विचारता सनई लावली, सकाळी सव्वासहाला, मी झोपले होते.

मात्र काळी खिडकी बघून त्यांनी ती बंद केली. "अगं ती काळी पाटी आली, मला वाटलं व्हायरस." मग मी स्क्रिप्टमध्ये कलर कमांड टाकून खिडकी हिरवी केली. भगवी कर म्हणाले, पण त्या कमांडला सोळाच रंग येतात, त्यात भगवा नाही, जो पिवळा आहे तो शेवाळलेल्या भिंतीसारखा दिसतो. हिरव्यावरून समितीत थोडी चर्चा झाली, ती इथे नको. आता पांढऱ्यावर निळी अक्षरं आहेत. खिडकीत मराठी मात्र धड उमटत नाही, काना मात्रा वेगळ्या पडतात नाहीतर नुसते चौकोन, विंडोज ११ ला थोडं बरं आहे, तरी मी तिथे इंग्रजी अक्षरातच लिहिलंय.

कीबोर्डचं एक सांगायलाच हवं, कारण हा माझ्या मते एमपीव्हीचा सगळ्यात वाईट भाग आहे. आवाज कमी जास्त करायला ९ आणि ० दाबायचं. कुणाला सुचणार हे? माणूस आपोआप वरचा बाण दाबतो. आणि वरचा बाण दाबला की गाणं एक मिनिट पुढे उडी मारतं! आरतीचं दुसरं कडवं चालू असताना काकांनी आवाज वाढवायला वरचा बाण दाबला आणि थेट शेवटचं कडवं, टाळ्या वाजवणारे सगळे गडबडले, पुजारीबुवांनी ताम्हन तसंच धरून ठेवलं. म्हणून त्या कॉन्फिग फोल्डरात इनपुट डॉट कॉन्फ नावाची फाइल करून वरचा बाण म्हणजे आवाज वाढव आणि खालचा बाण म्हणजे कमी कर असं दोन ओळीत लिहून टाका, पहिल्याच दिवशी, बाकी काही नाही केलं तरी चालेल. आणि लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर असेल तर क्यू दाबून प्लेअर बंद होत नाही, कारण क्यू च्या जागी तिथे मात्रा उमटते. स्पेसबार आणि बाण चालतात.

आता आवाजाच्या सेटिंगमधली एक ओळ, जी मला पूर्ण प्रकारातली सगळ्यात आवडती आहे. ऑडिओ एक्सक्लुझिव्ह यस. ही लिहिली की साउंड कार्ड फक्त एमपीव्हीच्या ताब्यात, बाकी कुणाचा आवाज बाहेर येत नाही. म्हणजे लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं राहिलं असेल तरी आरतीत टिंग होत नाही, ऑफिसची मीटिंग रिमाइंडर वाजत नाही. अजून एक न मागता मिळालेला फायदा: पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला दोन तीन सेकंद लागतात, तेवढ्यात काका परत डबल क्लिक करतात, आधी अशा वेळी दोन आरत्या अर्ध्या सेकंदाच्या फरकाने लागायच्या, देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखं, आता दुसरीला साउंड कार्डच मिळत नाही त्यामुळे ती मुकाट बंद होते. काही लॅपटॉपवर विंडोजमध्येच ही परवानगी काढलेली असते, तिथे चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी लावून बघा. आणि आवाज कुठल्या जॅकमधून येतोय ते पण बघा, आमचा एकदा टीव्हीच्या एचडीएमआयमधून जात होता आणि आम्ही मिक्सरच्या वायरी काढून घालून बघत होतो.

राष्ट्रगीताला तर सगळ्यात साधी स्क्रिप्ट. एकच फाइल दिली की एमपीव्ही ती वाजवतो, संपली की स्वतः बंद होतो, पुढे काही नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ५२ सेकंद झाले आणि शांतता. सुभेदार आजोबांनी मान हलवली. बाकीच्यांना यात काय विशेष ते कळलं पण नसेल.

मुलांचे नाच हा वेगळाच प्रांत आहे. चौदा मुलं, चौदा आया, आणि प्रत्येकीचं गाणं कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास व्हॉट्सॲपवर येणार, नाव काय तर ऑडिओ आणि पुढे वीस आकडे. फॉरमॅट कुठलाही असो, एमपीव्ही खातो, त्या बाबतीत मी त्याला पैकीच्या पैकी देते, एका ताईने स्क्रीन रेकॉर्डिंग करून व्हिडिओ पाठवला होता तो पण वाजला. मी नुसते ०१, ०२ असे क्रमांक नावाआधी लावते. पण आया म्हणतात, "अगं आमचं एक मिनिट बारा सेकंदापासून लाव, आणि तीन चाळीसला बंद कर, पुढचं तिला बसवलेलं नाहीये." आधी मी हे हाताने करायचे, एका हातात माईक, एका हातात माऊस. मग सापडलं की गाण्याच्या नावाचीच एक फाइल शेवटी डॉट कॉन्फ लावून शेजारी ठेवली आणि त्यात स्टार्ट एवढं, एंड एवढं लिहिलं, तर एमपीव्ही त्या गाण्यापुरतं ते पाळतो. त्यासाठी मुख्य सेटिंगमध्ये यूज फाइलडिर कॉन्फ चालू करावं लागतं. हे भारी आहे, दुसऱ्या कुठल्या प्लेअरमध्ये इतकं सोपं मी नाही बघितलं. फक्त नोटपॅड डॉट कॉन्फच्या पुढे गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतो, ते काढायला विसरू नका, मी विसरले आणि एका पिल्लाला सव्वा मिनिट नुसतं उभं राहावं लागलं. तिने मात्र कमाल केली, फुलपाखरू होती ना, उभ्या उभ्या पंख हलवत राहिली.

व्हॉट्सॲपच्या गाण्यांचे आवाज पण वेगवेगळे, एक कुजबुजतं आणि पुढचं अंगावर येतं. त्याला डायनॉडनॉर्म म्हणून एक फिल्टर लावता येतो, सगळं एका पातळीला आणतो. नाचाला झकास. सनईला चुकूनही लावू नका, आलापात जिथे वादक हळू जातो तिथे हा बाबा आवाज ओढून वर आणतो, बरोबर जुन्या रेकॉर्डिंगची खरखर पण, आणि मग सनई कुकरच्या शिट्टीसारखी वाटते.

पाहुणे आले की सनई हळूहळू बंद करायची असते, एकदम तोडली की वाईट वाटतं. यासाठी एमपीव्हीला बाहेरून निरोप पाठवता येतो. सुरू करताना त्याला एक पाइप, म्हणजे निरोप टाकायची वाट, नेमून द्यायचा, आणि दुसऱ्या स्क्रिप्टमधून इको कमांडने त्या पाइपात "आवाज पाचने कमी कर" असं टाकायचं, दर सेकंदाला एकदा, वीस वेळा, मग क्विट म्हणजे बंद हो. माझी "हळूहळू बंद" नावाची स्क्रिप्ट हेच करते. खोटं नाही सांगत, लक्ष देऊन ऐकलं तर जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं ऐकू येतं, गुळगुळीत उतार हवा तर लुआ नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहावं लागेल, एमपीव्हीला लुआ कळतं पण मला नाही कळत. मंडपातल्या गोंगाटात पायऱ्या कुणाला जाणवत नाहीत.

मग दहाचा नियम. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, आणि सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आमच्याकडे दर वर्षी यावरून वाद, "अजून एकच गाणं" म्हणणारे एका बाजूला आणि ए विंगमधल्या आजारी आजी एका बाजूला, मध्ये मी. म्हणून स्क्रिप्टमध्येच घातलं, घड्याळात २२ वाजले असतील तर गाणं लावायचंच नाही, "वेळ संपली" म्हणून बंद. आता मी हात वर करते, काँप्युटरच लावत नाहीये तर मी काय करू. सूट असलेल्या दिवसासाठी एका टेक्स्ट फाइलमध्ये आकडा बदलला की झालं, ती फाइल कुठे आहे ते फक्त मला माहितीये. एकदा मात्र संध्याकाळी सातलाच "वेळ संपली" आलं, सगळे तबक घेऊन उभे. बघते तर त्या लॅपटॉपची आतली बॅटरी गेलेली, घड्याळ पहाटेचे साडेतीन दाखवत होतं, आणि माझी स्क्रिप्ट सहाच्या आत पण नाही म्हणते. टाळ आणि आपले गळे यावर आरती झाली, आणि सगळे म्हणाले किती छान वाटलं या वेळी. घ्या.

अजून एक फजिती, पण ही शिकण्यासारखी. आरतीला किती मिनिटं राहिली ते दाखवणारी आणि साडेसातला आपोआप सुरू होणारी स्क्रिप्ट मी केली होती. चार दिवस व्यवस्थित. पाचव्या दिवशी सात वाजून आठ मिनिटांनी सुरू केली तर आकडा चुकीचा म्हणून एरर. परत केली, एरर. मी घाबरून पेनड्राइव्ह काढून फुंकर मारून परत घातला, सात दहाला चालू! मला वाटलं फुंकरीने झालं. दोन दिवसांनी परत सात नऊला तेच. मग शोधल्यावर कळलं की बॅच फाइलच्या गणितात आकड्याआधी शून्य असलं की तो त्याला वेगळ्या मोजणीतला समजतो, ज्यात ० ते ७ एवढेच आकडे असतात, त्यामुळे ०७ पर्यंत सगळं ठीक आणि ०८, ०९ म्हणजे अस्तित्वातच नसलेला आकडा. उपाय मजेशीर आहे, पुढे १ चिकटवायचा म्हणजे १०८ होतात, आणि त्यातून १०० वजा करायचे. बँकेत असं केलं असतं तर ऑडिटवाल्यांनी घरी पाठवलं असतं.

पेनड्राइव्हबद्दल. घातला की आपोआप सुरू व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं, ते विसरा. पूर्वी ऑटोरनने व्हायचं, पण २००८ च्या सुमाराला कॉन्फिकरसारखे व्हायरस त्याच वाटेने पसरले आणि विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ते बंदच केलं, आणि चांगलंच केलं. एक डबल क्लिक तर करावाच लागणार. आणि हा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका! मी निमंत्रणपत्रिका छापायला हाच नेला, परत आला तर आत सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले आणि खरे फोल्डर गायब. गायब नसतात, लपवलेले असतात, ॲट्रिब कमांडने परत दिसतात, पण गणपतीच्या आदल्या रात्री हे करायला लागणं म्हणजे काय ते मला विचारा. आता तोच ऐवज दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर पण असतो, पूजेच्या कपाटात. आणि एक म्हणजे बॅच फाइल दिसली की काही अँटिव्हायरस कपाळाला आठ्या घालतात, ऑफिसच्या लॅपटॉपवर तर कधी कधी चालूच देत नाहीत. तिथे वाद घालू नका, दुसरा लॅपटॉप शोधा. मॅक असेल तरी तेच, बॅच फाइल तिथे चालत नाहीत, एका एनआरआय पुतण्याने मोठ्या हौसेने आणून दिला होता, त्यावर शेवटी प्रसादाच्या यादीची एक्सेल केली.

चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर? एका चिमुरड्याने प्रयोग करून दाखवला. गाणं थोडा वेळ चालतं, जेवढं आधी वाचून ठेवलंय तेवढं, आणि मग प्लेअर मरतो, कारण तो स्वतःच त्या पेनड्राइव्हवर राहतो. त्यामुळे मोठा कार्यक्रम असेल तेव्हा मी पूर्ण फोल्डर आधी लॅपटॉपवर कॉपी करते आणि तिथून चालवते, पत्ता स्क्रिप्टला स्वतःलाच कळत असल्याने काही बदलावं लागत नाही, कार्यक्रम झाला की फोल्डर उडवायचा.

तुम्ही म्हणाल मग फूबार २००० हा दुसरा फुकटचा प्लेअर का नाही, तो पण पोर्टेबल होतो, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालतो. होतो, इन्स्टॉल करतानाच पोर्टेबलचा पर्याय विचारतो, आणि घरी मी तोच वापरते. २००२ पासून आहे, २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, गाणी शोधायला, टॅग (गाण्याच्या फाइलीतली गायक, अल्बम वगैरे माहिती) नीट करायला, बाबांच्या जुन्या कॅसेटवरून काढलेल्या नाट्यसंगीताचा ढीग लावायला त्याच्यासारखा नाही. त्याला पण कमांडने प्ले, पॉज, नेक्स्ट सांगता येतं. पण तो समोर उघडला की यादी दिसते, आणि यादी दिसली की मंडपातल्या प्रत्येकाला त्यातलं एक गाणं हवं असतं. व्हीएलसी सगळ्यांना माहिती आहे हा त्याचा फायदा आणि तोच तोटा, कुणीही येऊन काहीही दाबतं. एकटीने ऐकायचं असेल तर फूबार घ्या, चारचौघांत चारचौघांच्या हातात द्यायचं असेल तर एमपीव्ही.

खर्च म्हणाल तर पेनड्राइव्हचा, बाकी शून्य. वेळ मात्र बऱ्यापैकी गेला, पहिली स्क्रिप्ट दहा मिनिटांत झाली आणि बाकीचे हट्ट पुरवायला दोन वर्षं. ज्याला नोटपॅड उघडायचा कंटाळा आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये, तो प्लेअर तुम्हाला शिव्या घालायला लावेल. नवीन शिकणाऱ्यांना एक, प्रयोग करताना स्क्रिप्टच्या शेवटी पॉज असं लिहून ठेवा, नाहीतर एरर येऊन खिडकी इतक्या पटकन बंद होते की काय लिहिलं होतं ते वाचताच येत नाही. आणि स्टार्ट कमांड वापरत असाल तर तिच्यापुढे आधी रिकामी अवतरणचिन्हं द्या, नाहीतर ती तुमच्या प्लेअरच्या पत्त्यालाच खिडकीचं नाव समजते. का, ते विचारू नका.

सध्या बी विंगचे आप्पा मागे लागलेत, त्यांना पण असाच एक हवाय, रात्री अभंग लावून झोपायचं आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद. स्क्रिप्ट तयार आहे, अर्धा तास थांबून पाइपात क्विट टाकायचं एवढंच काम. पण त्यांनी आणून दिलेला पेनड्राइव्ह २ जीबीचा आहे, त्यात रेल्वेच्या रिझर्व्हेशनचे फॉर्म, नातवाच्या बारशाचे फोटो आणि कुठल्यातरी प्रवचनाचे व्हिडिओ असं सगळं मिळून मोकळी जागा ४० एमबी, म्हणजे प्लेअरच मावत नाही. नवीन घ्या म्हटलं तर म्हणतात, "आधी यातले फोटो कुठेतरी काढून दे, मग बघू."